ढाबळीत जायला बंदी

किल्लीवाल्याचा खोकला सुरुवातीला कुणी मनावर घेतला नाही. त्याने स्वतः तर नाहीच. दिवसभर दुकानात बसून तो किल्ल्या घासायचा, पितळेची बारीक पूड उडायची, आणि खोकल्याची उबळ आली की म्हणायचा, "धंद्याचा खोकला आहे, धंद्याबरोबरच जाईल." दुकान आणि घर एकाच छपराखाली होतं. पुढच्या खोलीत कुलपं, मागच्या खोलीत बायकोचं शिलाईमशीन, आणि वर गच्चीवर ढाबळ.

ढाबळीत शर्यतीची कबुतरं होती. लग्नाच्या आधीपासून त्याने ती पाळली होती, त्यामुळे बायकोला तक्रार करायलाही जागा नव्हती. ती पडदे शिवायची. दवाखान्यांचे, हॉटेलांचे, मोठ्या खिडक्यांच्या घरांचे. पांढऱ्याशुभ्र कापडावर एक राखाडी पीस येऊन पडलं की तिचं डोकं फिरायचं. एकदा कुणाच्या तरी दिवाणखान्याचे नवे कोरे पडदे कबुतरांनी रंगवले, तेव्हापासून दोघांत तह झाला. ढाबळीतले कपडे जिन्यातच उतरवायचे, हात-तोंड धुऊन मगच खाली यायचं, आणि तिने गच्चीवर काही वाळत घालायचं नाही. हा तह इतकी वर्षं टिकला की तिने ढाबळीचं दार आतून कधी पाहिलंच नव्हतं.

मुलीचं बाळंतपण आलं तेव्हा दोघं पंधरा दिवस तिच्याकडे जाऊन राहिले. कबुतरं सांभाळायला त्याचा दोस्त न्हावी होता. तोही कबूतरवाला, शर्यतींच्या क्लबचा सगळा कारभार त्याच्याच अंगावर. मुलीकडे किल्लीवाल्याचा खोकला कुठल्या कुठे पळाला. नातवाला खांद्यावर टाकून तो जिने चढायचा. मुलगी म्हणाली, "बाबा, इथलं पाणी मानवलं तुम्हाला."

घरी परतल्यावर त्याने पिशवी दारात टाकली आणि तडक गच्ची गाठली. दुपार सगळी ढाबळीत घालवली. संध्याकाळी अंगात कणकण, छाती आवळलेली, श्वास पुरेना.

बायको पाण्याचा पेला घेऊन समोर उभी राहिली. "आज दुकान उघडलंत का?"

"नाही."

"मग पितळेची पूड कुठून आली हो?"

दुसऱ्या दिवशी ती त्याला घेऊन दवाखान्यात गेली.

डॉक्टरीणबाईंनी छातीचे फोटो काढवले, नळीत फुंकायला लावलं, आणि मग विचारलं, "घरी पक्षी आहेत?"

"आहेत थोडी कबुतरं."

"थोडी म्हणजे?"

"पन्नासेक."

"ऐंशी," बायको म्हणाली.

बाईंनी समजावून सांगितलं. कबुतराच्या पिसांवर पांढरी भुकटी असते, सुकलेल्या विष्ठेची धूळ असते. वर्षानुवर्षं ती श्वासातून आत गेली की काही माणसांची फुप्फुसं तिच्यावर चिडतात. चिडता चिडता कडक होत जातात. कडक झालेला भाग पुन्हा मऊ होत नाही. "अजून वेळ गेलेली नाही. पण आता ढाबळीत पाऊल टाकायचं नाही."

"मास्क लावून?"

"तुम्ही मास्क लावाल, आणि कबूतर हातात आलं की त्याच्याशी बोलायला तो खाली ओढाल."

बायकोने बाईंकडे अशा नजरेने पाहिलं, जणू त्यांनीच याच्याशी एवढी वर्षं संसार केला होता.

घरी येऊन त्याने न्हाव्याला फोन केला. चार वाक्यांत सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाला, "रविवारी टोपल्या घेऊन ये. क्लबात वाटून टाक. मला विचारू नकोस कुणाला काय दिलंस ते."

रविवारी न्हावी टोपल्या घेऊन आला. किल्लीवाल्याला वर जायचं नव्हतं, म्हणून त्याच्या मदतीला बायकोच गेली. तोंडाला ओढणी बांधून ती प्रथमच त्या दारातून वाकून आत शिरली. समोर लाकडी खणांच्या रांगा, प्रत्येक खणात एक जोडी. हंगाम जोड्यांचा होता. कुठे अंडी, कुठे पिल्लं. एका खणात एक नर ठाण मांडून बसला होता, आणि तिने हात पुढे केला तशी त्याने पंखाची सणसणीत थप्पड दिली.

"अगं बाई! हा मारतो!"

"अंड्यांवर बसलाय वहिनी. दिवसा नराची पाळी, रात्री मादीची. पाळी कधी चुकवत नाहीत."

"बापे असून?"

न्हावी हसला. पलीकडच्या खणात दोन पिल्लं होती. पिवळी लव, मोठी चोच, बंद डोळे, आणि एकूण अवतार असा की बघून कुणालाही दया यावी.

"यांचं काय करणार?" तिने विचारलं.

"एवढ्या लहानपणी हलवली तर आईबाप खाऊ घालणं सोडतात. जातील बिचारी. आणि अंडी तर गेलीच म्हणायची."

ती ओढणी सारखी करायला बाहेर आली. कठड्यावरून खाली अंगण दिसत होतं. किल्लीवाला स्टुलावर बसला होता, गच्चीकडे पाठ करून. हातात एक जुनं कुलूप होतं. तो ते दुरुस्त करत नव्हता. नुसता धरून बसला होता.

ती आत वळली. "भाऊजी, आज राहू द्या. ही पिल्लं खायला लागेपर्यंत थांबू."

"आणि तोवर बघणार कोण?"

"बघेन मी. चार-पाच आठवड्यांचा तर प्रश्न."

न्हाव्याने रिकाम्या टोपल्या एकात एक घातल्या आणि खाली नेल्या.

तिने उरलेल्या जाड कापडाचा पायघोळ अंगरखा शिवला, डोक्याला टोपी, आणि औषधांच्या दुकानातून चांगले मास्क आणले. आता जिन्यात कपडे उतरवायची पाळी तिची होती. ढाबळीतून आली की आधी न्हाणीघर, मग स्वयंपाकघर, आणि अंगरखा वेगळ्या बादलीत. नवरा अंगणात स्टुलावर, कानाला फोन. ती वर, कानाला फोन.

"ती निळी आहे ना, तिला डावीकडच्या खणात घाल."

"अहो, इथे वीस निळ्या आहेत!"

"गळ्याजवळ हिरवट झाक असलेली."

"सगळ्यांच्याच गळ्याला हिरवी झाक आहे."

"तिची चाल बघ. जरा ठसक्यात चालते."

"म्हणजे तुमची मावशी चालायची तशी?"

"हो," तो म्हणाला. "अगदी तशीच."

त्या दिवसापासून ती मादी 'मावशी' झाली. मग बाकीच्यांनाही नावं मिळत गेली. त्याने ठेवलेली 'तुफान', 'बाण', 'विजेता' ही नावं तिच्या लक्षात राहीनात. तिने आपली ठेवली: हावरट, सुस्त, बुटकी, वकील. वकील सगळ्यांच्या भांडणात पडायचा. दाण्याचं प्रमाण तो सांगायचा, ती मोजून घालायची. पिल्लं असलेल्यांना वाटाणे जास्त, रिकाम्या बसलेल्यांना कमी, शिंपल्यांचा चुरा आणि खडे वेगळ्या भांड्यात. पिल्लू आठवड्याचं होत आलं की त्याच्या पायात कडी घालायची. पुढची तीन बोटं जुळवून कडीतून काढायची, मागचं बोट पायाला चिकटवून कडी वर सरकवायची, मग ते बोट मोकळं करायचं. पहिल्या पिल्लाला तिला अर्धा तास लागला, आणि पिल्लू नव्हे, तीच घामाघूम झाली. पण तिची बोटं सुईदोऱ्यावर वाढलेली. तिसऱ्या पिल्लापर्यंत हात बसला.

पिल्लं खायला लागली, उडायला लागली. टोपल्यांचा विषय कुणी काढला नाही.

विषय निघाला तो वासाचा. मास्क लावूनही तिला आत कोंदट वास यायचा. बंद कपाटात ठेवलेल्या कापडाला येतो तसा. कबुतरं शिंकायची. काहींच्या डोळ्यांच्या कडा ओल्या. नवऱ्याने थंडी-वाऱ्याच्या भीतीने सगळ्या फटींवर प्लॅस्टिक ठोकलं होतं, वरून खालून. एक दिवस तिने पक्कड घेतली आणि छपराजवळचं प्लॅस्टिक ओढून काढलं.

अंगणात प्लॅस्टिकचा आवाज पोहोचला. "काय करतेस तू वर?"

"हवा येऊ देते."

"वारा लागला की कबूतर आजारी पडतं. खेळ वाटला काय तुला?"

"वारा वेगळा आणि हवा वेगळी. छपराजवळ उघडं असेल तर कोंदट हवा वर निघून जाईल. खण खाली आहेत, त्यांना झोत लागणारच नाही."

"हे कुणी सांगितलं?"

"कापडाने. गोदामात कापडाला बुरशी येते तेव्हा आम्ही हेच करतो. आणि अजून एक. एवढी कबुतरं या जागेत मावत नाहीत. निम्मी द्या."

"निम्मी?" त्याचा आवाज चढला, आणि आवाजाबरोबर खोकला. मग तो म्हणाला, "माझी कबुतरं आहेत ती."

"मग या वर आणि सांभाळा."

हे बोलायला नको होतं, हे तिला तोंडातून निघताच कळलं. त्याने फोन ठेवून दिला. त्या दिवशी दोघं जेवले ते 'मीठ दे' आणि 'पाणी घ्या' एवढ्याच बोलण्यावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पडद्याला चुण्या घालत होती, तेव्हा तो तिच्या खोलीच्या दाराशी येऊन उभा राहिला. "म्हाताऱ्या माद्या आधी दे," तो म्हणाला. "आणि ज्या नरांचं दोन वर्षं एकही पिल्लू धड परतलं नाही, ते. न्हाव्याला सांग, मी नावं सांगतो. जुनी नावं. त्याला तुझी कळायची नाहीत."

"आणि प्लॅस्टिक?"

"वरचं काढलंस तेवढं राहू दे. उत्तरेकडचं काढू नकोस."

तिनेही उत्तरेकडचं काढलं नाही. ऐंशीची पस्तीस झाली. जमिनीवर लाकडी पट्ट्यांची जाळी टाकली, म्हणजे विष्ठा खाली पडायची आणि पाय कोरडे राहायचे. महिन्याभरात शिंका थांबल्या. त्याने ते कबूल असं केलं नाही, फक्त एकदा फोनवर म्हणाला, "आज वरून शिंका ऐकू नाही आल्या." तिला तेवढं पुरलं.

पुढच्या हंगामाच्या तोंडावर न्हाव्याने एक नर भेट दिला. रुंद छाती, रेशमासारखी पिसं, लांबच्या शर्यतीत दोनदा पहिला आलेला. किल्लीवाला हरखून गेला. अंगणातूनच, दुरून पाहून.

"मावशीला लाव याला. आजच."

"नवीन पाखरू वेगळं ठेवायचं असतं म्हणून तुम्हीच सांगितलं होतंत."

"ते बाजारातून आणलेलं. हा न्हाव्याचा आहे, घरचाच. जोड्या लावायचे दिवस निघून चाललेत."

तिने नर आत सोडला. तो वरून ठणठणीत होता. मावशीबरोबर त्याचं जमलंही. दोन अंडी, दोन पिल्लं. पण पिल्लं दहा दिवसांची झाली तशी वाढायची थांबली. चोच उघडी टाकून धापा टाकायची. एक सकाळी मेलेलं सापडलं. मग शेजारच्या खणातलं एक मलूल झालं.

तिने खाली नवऱ्याला फोन लावला. आवाज तिचा नेहमीचा नव्हता. "अहो, यांना काहीतरी होतंय."

"घाबरू नकोस. एक पिल्लू हातात घे. चोच उघड. बॅटरी मार आत."

"घेतलं."

"काय दिसतं?"

"घशात काहीतरी पिवळं आहे. चिकटलेलं."

"पिवळं कसं? ओलं, पातळ?"

"नाही. घट्ट. दही टांगून ठेवल्यावर उरतं ना, तसं."

त्याने सुस्कारा टाकला. "काढायला जाऊ नकोस, रक्त येईल. वास?"

तिने मास्क खाली केला आणि नाक पिल्लाच्या चोचीजवळ नेलं. "घाण."

"घशाचा रोग आहे. नव्या नराच्या अंगात असणार. त्याला स्वतःला काही होत नाही, पण एका भांड्यातलं पाणी पिऊन सगळ्यांना जातो, आणि आईबाप भरवतात त्यातून पिल्लांना." तो थांबला. "माझी घाई."

"ते नंतर. आता काय करू ते सांगा."

मग तो सांगत गेला आणि ती करत गेली. सगळी पाण्याची भांडी खाली आणून उकळत्या पाण्यात बुडवली. नव्या नराला एकट्याला पिंजऱ्यात ठेवलं. जनावरांच्या डॉक्टरांकडे तो स्वतः स्कूटरवर गेला आणि औषध घेऊन आला. औषध पाण्यातून, एकट्या आजाऱ्यांना नाही, सगळ्या ढाबळीला, आणि त्या दिवसांत दुसरं पाणी कुठेही नाही. पिल्लांना ती ड्रॉपरने पाजायची. रोज सकाळी एकेकाची चोच उघडून ती काय दिसतं ते सांगायची, आणि तो खाली डोळे मिटून ऐकायचा. तिला हळूहळू नेमकं सांगता यायला लागलं. काल केवढं होतं, आज केवढं. काल गुलाबी कुठे होतं, आज कुठे.

चार पिल्लं गेली. मावशीचं दुसरं पिल्लूही गेलं. बाकीची वाचली. न्हावी कळताच धावत आला. त्याला फार वाईट वाटलं होतं, दारातच कानाच्या पाळ्या धरून उभा राहिला. किल्लीवाला म्हणाला, "आत ये, चहा घे. नर तू दिलास, पण वेगळा ठेवू नको असं मी म्हणालो." न्हाव्याने आपल्या ढाबळीलाही तेच औषध दिलं.

वाचलेल्यांत बुटकी आणि सुस्त यांचं एक पिल्लू होतं. ही जोडी बायकोने आपल्या मनाने लावली होती. नवऱ्याला ती पसंत नव्हती. सुस्त एकदा वाटेत कुणाच्या तरी छपरावर दोन दिवस मुक्काम करून आला होता. असल्याचं पिल्लू काय उडणार! ती म्हणाली होती, "आळशी नाही तो. शांत आहे. अंड्यांवर बसला की हलत नाही. आणि बुटकी एक मिनिट जागेवर बसत नाही. दोघांचं मिळून बरं होईल." यावर तो म्हणाला होता, "शर्यत आहे, सोयरीक नव्हे."

पिल्लांची तालीम सुरू झाली. न्हावी टोपली गाडीत घालून आधी जवळच्या पुलापासून, मग पुढच्या गावापासून, मग आणखी लांबून त्यांना सोडायचा. परतली की बायको पत्र्याच्या डब्यात दाणे खुळखुळवायची आणि पिल्लं धडाधड आत शिरायची. एक ससाण्याने नेलं. बुटकीचं पिल्लू मात्र दर वेळी आलं. कधी पहिलं नाही, पण दर वेळी.

पिल्लांच्या पहिल्या मोठ्या शर्यतीला त्यांची सहा पाखरं होती. आकाश स्वच्छ, वारा समोरून. किल्लीवाला सकाळपासून अंगणात मान वर करून बसलेला. ती वर दाराआड. दुपारच्या जेवणाच्या सुमारास तो अचानक उभा राहिला.

"आलं! आलं गं! पश्चिमेकडून!"

एकटं पाखरू, पंख जवळ घेऊन खाली आलेलं. गच्चीवर एक फेरी मारली आणि पाण्याच्या टाकीवर बसलं. तिथेच राहिलं. शर्यतीत कबूतर घरी पोहोचून भागत नाही. दारातून आत यावं लागतं, उंबऱ्यावरच्या पट्टीवर पायातली कडी टेकली की घड्याळात वेळ नोंदली जाते. टाकीवर बसून काढलेला प्रत्येक क्षण वाया.

त्याने तोंडात दोन बोटं घालून शीळ घातली. हीच शीळ ऐकून त्याची कबुतरं वर्षानुवर्षं ढगांतून खाली यायची. पिल्लाने मान वाकडी करून अंगणाकडे पाहिलं. हललं नाही. त्याने पुन्हा घातली, जोरात. पिल्लू उलट दोन पावलं मागे सरकलं.

"अहो, थांबा," ती वरून म्हणाली. "घाबरतंय ते."

तिने डबा खुळखुळवला. एकदा, हलकेच. पिल्लू टाकीवरून थेट दारात उतरलं, आणि आत गेलं. उंबऱ्यावर घड्याळाचा टूक असा आवाज आला.

किल्लीवाला बोटं तोंडाजवळच धरून उभा होता. मग त्याने ती शर्टाला पुसली आणि स्टुलावर बसला. त्याचा चेहरा उतरलेला तिने वरून पाहिला. हे पाखरू त्याच्या ढाबळीत जन्मलं, त्याच्याच जुन्या वंशातलं, आणि तो त्याच्या लेखी अंगणात बसून आवाज करणारा कुणी परका माणूस होता.

ती आंघोळ करून खाली आली तेव्हा तो तसाच बसलेला.

"कोण होतं?" त्याने विचारलं.

"बुटकीचं."

"सुस्तचं पण."

"हो. सुस्तचं पण."

"माझी शीळ त्याला ठाऊकच नाही."

"कशी असणार? तुम्ही घातली का कधी त्याच्यासमोर?" ती त्याच्या शेजारी पायरीवर टेकली. "उद्यापासून मी दाणे टाकायच्या वेळी तुम्ही खालून शीळ घाला. पण हळू. कुत्र्याला हाक मारल्यासारखी नको."

तो हसला. हसताना त्याला खोकला आला नाही, हे दोघांच्याही लक्षात आलं.

संध्याकाळी न्हावी निकाल सांगायला आला. त्यांचं पिल्लू क्लबात सातवं होतं. टाकीवरचा मुक्काम नसता तर पाचवं आलं असतं. उरलेल्या पाचांतली चार अंधार पडायच्या आत परतली. एक आलं नाही. वकिलाचं, पांढऱ्या पिसाचं. ती कठड्याशी उभी राहून बराच वेळ पश्चिमेकडे बघत होती.

"सातवं म्हणजे चांगलं का?" तिने खाली येऊन विचारलं.

"पहिल्या वर्षी? वहिनी, मी सतरावा होतो. हा तर पहिल्या वर्षी शेवटून दुसराच आला होता. त्याने सांगितलं नसेल."

"नाही सांगितलं," ती नवऱ्याकडे बघत म्हणाली.

"वारा उलटा होता," किल्लीवाला म्हणाला.

न्हावी गेल्यावर तिने शिलाईमशीनवरचा दिवा लावला. दवाखान्याचे हिरवे पडदे दुसऱ्या दिवशी द्यायचे होते. तो आपलं स्टूल उचलून आत आला आणि तिच्या खोलीत, कापडाच्या गठ्ठ्यापासून जरा लांब, ठेवून बसला.

"पुढच्या हंगामात बुटकीला कुणाशी लावणार?" त्याने विचारलं.

"सुस्तशीच."

"तेच करावं असं मलाही वाटतं. आणि मावशी?"

"तिला या वर्षी विश्रांती. खूप सोसलं तिने."

तो काही तरी बोलणार होता. जुना वंश, वय, हंगाम असं काहीतरी. पण त्याने पडद्याचं लोंबतं टोक जमिनीवरून उचलून नीट धरलं, म्हणजे तिला सरळ शिवता यावं. तिने मशीनचं पायडल मारलं.